चौगुले सरांची दिव्यांची वही

आठवीत नवीन पोर आलं की चौगुले सर त्याला नाव विचारत नसत. नाव काय हजेरीपटावर असतंच, म्हणायचे. ते विचारायचे, “घरात दिवा कुठला हाय?” पोर गांगरून जायचं. एकाने देवापुढच्या समईचं वर्णन सुरू केलं होतं. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “देवाचा न्हवं रं लेका, तुझा. तू वाचतोस कशाच्या उजेडात?”

मग उत्तर वहीत जायचं. लाल पुठ्ठ्याची लांबडी वही होती ती. नावापुढे वी म्हणजे वीज, कं म्हणजे कंदील, चि म्हणजे पत्र्याच्या डबीत वात घातलेली रॉकेलची चिमणी. काही नावांपुढे नुसती रेघ असायची. घरात चिमणी एकच आणि ती आईला चुलीपाशी लागते, अशी ती मुलं. त्यापुढे बाप काय करतो, पाठीवर भावंडं किती, शाळा घरापासून किती लांब, गेल्या वर्षी किती दिवस गैरहजर, असे रकाने. सरकारला दरवर्षी मुलांची जातवार, धंदावार माहिती पाठवावी लागे. ती आम्ही सगळे शिव्या घालत एका दुपारात उरकायचो. सर मात्र ती वर्षभर गोळा करायचे, आणि सरकारने न विचारलेलीसुद्धा.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा एसएससी अजून अकरावीलाच होती. शाळा नगरपालिकेची, शाहूपुरीतून कसबा बावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एका बाकावर गुळाच्या अडत्याचा मुलगा आणि शेजारी त्याच अडतीवरच्या हमालाचा मुलगा, असा तो वर्ग. साखर कारखान्यातल्या कामगारांची पोरं, शिंप्यांची, बँडवाल्यांची, पहाटे धार काढून दूध घालून मग शाळेला येणारी शेतकऱ्यांची. आठवीत वर्ग गच्च भरलेला असायचा आणि अकरावीपर्यंत मागचे बाक रिकामे होत जायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शाळा म्हटलं की गळती आलीच, असं आम्ही म्हणायचो.

सर उंच, जरा पोक आलेले, डोक्याला काळी टोपी आणि उजव्या बाहीवर कायम खडूची पूड. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती, “सरका पावणं” हीच घंटी. आवाज एवढा की शेजारच्या वर्गात माझी कविता बंद पडायची. मी शुद्ध मराठी शिकवणारी, त्यांचं न्हाय आणि व्हय ऐकून पहिल्या आठवड्यात कपाळाला हात लावला होता. दुसऱ्या महिन्यात कळलं, की त्या भाषेत बीजगणित विचारायला पोरं भीत नाहीत आणि माझ्याकडे व्याकरण विचारायला भितात. हुशार मुलांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. “हुशार पोरगं दगडानं शिकवलं तरी शिकतंय,” म्हणायचे, “त्यात मास्तराचा गुण काय?”

वर्गात बसवायचे तेसुद्धा वहीप्रमाणे. चिमणीवाली मुलं खिडकीच्या रांगेला. शाळा सुटल्यावर सूर्य मावळेपर्यंत ती तिथेच बसून घरचा अभ्यास करून जात आणि सर टेबलाशी वह्या तपासत थांबत. बायकोने ह्यावरून सरांना काय काय ऐकवलं असेल ते तिचं तिला माहीत.

रविवारी ते मुलांच्या घरी जायचे. मुलीच्या घरी जायचं असलं तर मला बरोबर घेत. बाई सोबत असली की घरातल्या बायका बोलतात, असं त्यांचं म्हणणं. अशीच एकदा आम्ही बाबालाल शिंप्याच्या घरी गेलो. आठवी झालेल्या हसीनाचं नाव त्याला काढायचं होतं. मला वाटलं, सर आता स्त्रीशिक्षणावर बोलणार. सर मशीनशेजारी खाली बसले आणि एका ताग्यात झंपर किती निघतात ते विचारत राहिले. बाबालालने आकडा सांगितला. सरांनी हसीनाला बोलावून कापडाचा पन्हा सांगितला आणि बाह्यांचे तुकडे उलटेसुलटे लावून बघ म्हणाले. पोरीने पाटीवर चौकोन आखले, पुसले, परत आखले. बापाच्या आकड्यापेक्षा एक झंपर जास्त निघालं. बाबालालने पाटी हातात घेतली, उलटी करून पाहिली, आणि हसला. आम्ही निघताना म्हणाला, सर म्हणतात तर शिकू दे. त्या गल्लीत सरांच्या शब्दाला एवढी किंमत होती, आणि ती त्यांनी चपला झिजवून मिळवली होती.

एका गोष्टीचा सरांना गर्व होता. दर जूनमध्ये ते वहीत अकरावीच्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने एक खूण करायचे. पास होणार त्याला बरोबर, नापास होणार त्याला शून्य. दिवा, भावंडं, गैरहजेरी, दहावीचे मार्क, सगळ्याचा काहीतरी हिशोब मांडून. त्या खुणांची एक नक्कल पाकिटात घालून चिकटवायची आणि बोर्डाचा निकाल लागला की सगळ्यांसमोर फोडायची. ज्याने शंका घेतली असेल त्याने भजी आणायची. माझ्या पहिल्या दोन्ही वर्षी भजी सरांना मिळाली. शून्य घातलेलं नाव पास झालं की मात्र ते स्वतःच उठून भजी आणायचे, आणि त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. त्या पोराला रस्त्यात गाठून म्हणायचे, “मला हरवलास रं मुडद्या.”

ती शून्यं ते कशासाठी घालतात हे आम्हाला माहीत होतं. वर्षभर त्यांचा सगळा जोर त्याच मुलांवर असायचा. त्यांना हवी होती ती एकच गोष्ट. शाळेतली एक खोली संध्याकाळी आठपर्यंत उघडी राहावी, तिथे वीज असावी आणि ह्या मुलांनी तिथे बसून अभ्यास करावा. खिडकीचा उजेड हिवाळ्यात सहालाच संपतो, म्हणायचे. त्यासाठी त्यांनी अर्ज किती केले कुणास ठाऊक. चिमणीची पोरं ह्याच शाळेतून मॅट्रिक झालेली बघायची, मग निवृत्त व्हायचं, असं ते बोलून दाखवत.

माझ्या तिसऱ्या वर्षी निकाल फार वाईट लागला. निम्म्यावर मुलं नापास. शिक्षण खात्याचं पत्र आलं की असाच निकाल राहिला तर अकरावीची एक तुकडी बंद करावी लागेल. तुकडी बंद म्हणजे दोन शिक्षक सरप्लस, आणि सगळ्यात ज्युनियर मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील.

त्याच जूनमध्ये नवे हेडमास्तर आले. कडक इस्त्रीचे, मृदू बोलणारे. माणूस वाईट नव्हता, त्यांना शाळा वाचवायची होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, तुमची ती वही म्हणे फार शास्त्रीय आहे, जरा समजावून द्या. इतक्या वर्षांत त्या वहीला कुणी शास्त्रीय म्हटलं नव्हतं. आम्ही तिला दिव्यांची वही म्हणून हसायचो. सर दोन तास आत बसले. बाहेर आले ते लग्नाच्या वऱ्हाडातून आल्यासारखे. मला म्हणाले, “बाई, खोली मिळतीया बघा. साहेबानं शून्याची नावं मागितल्यात.”

त्या वर्षीची शून्यं चौदा होती. त्यात हसीनाही होती. आईच्या बाळंतपणात दहावीचे तीन महिने तिचे बुडाले होते आणि बीजगणित मागे पडलं होतं. सर दुसऱ्याच दिवशी नव्या गणिताच्या प्रशिक्षणाला पंधरा दिवस पुण्याला गेले. जाताना वही हेडमास्तरांकडे ठेवून गेले.

अक्षर चांगलं असणं हा शाळेत गुन्हा असतो. हेडमास्तरांनी मला बोलावून ती चौदा नावं कोऱ्या कागदावर उतरवून द्यायला सांगितली. मी उतरवून दिली. मला वाटलं, जादा तासांची यादी आहे. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण यादीला वर मथळा नव्हता आणि तो काय लिहू हे मी विचारलं नाही. ते मला तेव्हाच खटकलं होतं.

त्या पंधरवड्यात चौदा पालकांना एकेक करून ऑफिसात बोलावलं गेलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. हेडमास्तर त्यांना खुर्चीवर बसवायचे, पाणी द्यायचे आणि सांगायचे की मुलगा अकरावीत नापास होणार, असं चौगुले सरांनी काढलंय. बोर्डाचा शिक्का बसण्यापेक्षा आत्ताच दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा. पालक वही बघायचे. वाचता येत नसलं तरी शून्य ओळखू येतं. जो मास्तर रविवारी घरी येऊन चहा पितो तो खोटं कशाला लिहील? चौदाच्या चौदा जणांनी अंगठे आणि सह्या करून दाखले नेले.

सर आले त्या दिवशी पहिला तास अकरावीवर होता. ते हजेरी कधी हजेरीपटातून घेत नसत, तोंडपाठ घ्यायचे. शेजारच्या वर्गात मी फळ्यावर लिहीत होते. त्यांनी एक नाव घेतलं, उत्तर आलं नाही. दुसरं घेतलं, कुणीतरी हळूच सांगितलं, त्याला दाखला दिला सर. मग एकेक नाव येत गेलं आणि प्रत्येकावर तेच उत्तर. हसीनाचं नाव घेऊन ते थांबले.

मधल्या सुट्टीत ते हेडमास्तरांच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं, पण सरांचा आवाज दाराला कधी जुमानत नसे. आज मात्र हेडमास्तरांचाच जास्त ऐकू येत होता. ते म्हणत होते, शून्य तुम्ही घातलंत, मी फक्त तुमच्यावर विश्वास ठेवला. शिवाय तुकडी वाचली पाहिजे की नाही? शिक्षकांची पोटं आहेत. मग सर म्हणाले, “ते शून्य माझ्यासाठी हुतं, साहेब. कुणाला जास्त शिकवायचं ते मला कळाय.”

हेडमास्तरांनी समजूतदारपणे मान हलवली असणार. दाखले परत घेता येत नाहीत, जनरल रजिस्टरला नोंद झालीय, एवढंच ते म्हणाले.

बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. त्याची मुदत महिनाभरावर होती. सरांनी चौदा फॉर्म आणले, स्वतःच्या हाताने भरले, फक्त सह्यांची जागा ठेवली, आणि सायकल काढली. फॉर्म भरून भागत नाही, शिकवायला जागा हवी. एका तालमीच्या लोकांनी त्यांना ओटा आणि वर टांगलेला दिवा दिला. सर खूष झाले. आम्हाला सांगितलं तेव्हा चटकन कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मग माझ्याच आलं. तालमीच्या ओट्यावर मुली कशा येतील? चौदात पाच मुली होत्या. आयुष्यभर ज्यांनी मुलांच्या घरातले दिवे मोजले त्यांना हे सुचलं नव्हतं. सर माझ्याकडे बघत राहिले.

शाहूपुरीत माझी एक खोली होती. वर माडीवर, वीज असलेली. पाच मुली तिथे सहज बसल्या असत्या. हे माझ्या मनात आलं. घरमालकाला चालणार नाही, हेही लगेच आलं. हेडमास्तरांना कळलं तर सरप्लसच्या यादीत माझंच नाव, हेही आलं. मी बोलले नाही. सरांनीही मागितली नाही.

तरी बाबालालकडे आम्ही गेलो. तो मशीन चालवत होता, ती थांबवली नाही. सरांनी फॉर्म मशीनच्या फळीवर ठेवला आणि माझं चुकलं म्हणाले. काय चुकलं तेही सांगितलं, खूण कशासाठी होती, वही कुणाकडे गेली, सगळं. बाबालालने ओळ पुरी केली, दोरा तोडला आणि मग वर बघितलं.

“सर, तुम्ही शिकवा म्हणलासा, शिकीवली,” तो म्हणाला. “हुत न्हाय म्हणलासा, काढली. आता आनि काय सांगाय आलायसा?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याने सांगितलं की निपाणीकडचं स्थळ आलंय, बोलणं झालंय, दिवाळीनंतर निकाह. चहा आला. सरांनी तो सगळा प्यायला. कप न्यायला हसीना बाहेर आली. तिने फळीवरचा फॉर्म उचलला आणि उभ्याउभ्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. मग तो होता तिथे ठेवला आणि कप घेऊन आत गेली. रस्त्यावर आल्यावर सर सायकलवर बसले नाहीत. शाहूपुरी येईपर्यंत हातात धरून चालत राहिले.

तालमीत सात मुलगे आले. मार्चपर्यंत टिकले पाच. त्यातले तीन पास झाले. शाळेचा निकाल मात्र वर गेला, इतका की पेपरात नाव आलं. तुकडी वाचली. माझी नोकरी वाचली, पुढे पंचवीसेक वर्षं टिकली. नगरसेवक आणि पालकांनी सत्कार ठेवला. हेडमास्तर भाषणात म्हणाले की हे सगळं श्रेय चौगुले सरांच्या शास्त्रीय पद्धतीला आहे, आणि त्यांना व्यासपीठावर बोलावलं. मला वाटलं सर जाणार नाहीत. निदान काहीतरी बोलतील. ते उठले, गेले, शाल घेतली, नारळ घेतला, नमस्कार केला आणि खाली येऊन बसले. मला त्यांचा फार राग आला. तो राग करायचा अधिकार मला कुणी दिला होता, हे मी त्या दिवशी विचारलं नाही.

नंतर चहाच्या वेळी हेडमास्तर हसत म्हणाले, चौदात तीनच चुकले की सर. त्यांना त्याचं खरंच कौतुक वाटत होतं.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी वही मागितली. सरांनी सांगितलं की ठेवायची बंद केली. ते खरं होतं. नव्या पोरांना ते आता नाव विचारायचे. पण वहीची गरज कुणाला राहिली होती? त्या वर्षापासून आठवीच्या प्रवेश अर्जातच एक रकाना छापून आला. घरी अभ्यासाची सोय व वीज आहे काय, असल्यास बिल जोडावे. आता गळायला अकरावीपर्यंत थांबायचं कारण नव्हतं.

वर्ग बदलत गेले. आधी कुणाच्या ध्यानात येत नाही. एका वर्षी मला जाणवलं की धार काढून येणाऱ्या पोरांचा तो वास वर्गात नाही. सगळ्यांच्या पायांत बूट आहेत. हमालाची, कामगाराची पोरं लांबच्या एका शाळेत जायला लागली होती, आणि त्या शाळेच्या निकालाला आम्ही स्टाफरूममध्ये नावं ठेवायचो. आमचा निकाल दरवर्षी चांगला लागायचा. वशिले लावून लोक प्रवेश घ्यायचे. सरांचा आवाज त्या वर्षांत इतका खाली आला, की माझी कविता पुरी व्हायला लागली. ते निवृत्त झाले तेव्हा अकरावीची दहावी झाली होती. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या सायकलीवर विनोद केला. सगळे हसले, तेही हसले.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. मी पर्यवेक्षिका झाले होते. जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसले होते. कारकुनाने एक अर्ज माझ्याकडे सरकवला, म्हणाला, बाई, ह्यात घोळ आहे, बिल एकाच्या नावावर आणि पालक दुसराच. मी अर्ज बघितला. मुलगी संगीता, बाप अडतीवर हमाल. विजेच्या रकान्यात आहे असं लिहिलं होतं. अक्षर मी ओळखलं. जोडलेलं बिल चौगुले सरांच्या घरचं होतं. ज्या माणसाने अर्ध्या मार्कासाठी कुणाची भीड ठेवली नव्हती त्याने अर्जावर खोटं लिहिलं होतं.

मान वर केली तर ते समोर उभे. फार थकले होते. टोपी होती, बाहीवर काही नव्हतं. मुलगी बारा-तेरा वर्षांची, केसांना भरपूर तेल लावून चापून वेण्या घातलेली. मला वाटलं सर काही मागतील. ते म्हणाले, “बाई, पोरगी माझ्याकडं बसूनच अभ्यास करती. बल्ब हाय माझ्यात.” पोरगी मान हलवत होती.

मागे रांग होती. कारकून बघत होता. माझ्या सहीने तो अर्ज आत गेला असता, हे मला माहीत होतं आणि सरांनाही. मी म्हटलं, सर, नियमात बसत नाही, हेडमास्तरांना विचारून बघते, उद्या या.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं नाही. रागावलेही नाहीत. अर्ज उचलला, घडी घालून खिशात ठेवला. सायकल भिंतीला टेकवलेली होती. ती काढताना मुलीने त्यांचा सदरा धरला. टेबल फाटकाजवळच होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

“आजोबा, मी नापास झालो व्हय?”

“न्हाय बाळा,” सर म्हणाले. “तुला अजून कुणी काय इचारलंच न्हाय.”

ती कॅरिअरवर बसली. ते सायकल ढकलत फाटकाबाहेर गेले. कारकुनाने पुढचा अर्ज सरकवला. बिल जोडलेलं होतं. मी सही केली.